दात वाकडे आहेत का, हे सातव्या वर्षीच बघा

मूल साधारण सहा वर्षांचं होतं तेव्हा त्याच्या तोंडात एक मोठी घटना घडते आणि घरात कुणाला तिचा पत्ता लागत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढांच्या मागे, वर दोन आणि खाली दोन, अशा चार नव्या दाढा उगवतात. त्यांच्यासाठी कुठलाच दात हलत नाही, पडत नाही, कौलावर टाकायचा प्रसंग येत नाही. त्यामुळे आईवडील त्यांना दुधाच्याच दाढा समजतात. पण त्या कायमच्या असतात. साठ-सत्तर वर्षं घास चावायचं काम त्यांना करायचं असतं आणि पुढे येणारे बाकीचे दात कुठे बसणार हेही बऱ्याच अंशी त्यांच्यावर ठरतं. एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ साली दातांच्या ठेवणीचं जे वर्गीकरण केलं ते याच दाढांवर उभं आहे. सव्वाशे वर्षं होऊन गेली तरी जगभरचे दवाखाने अजून तेच वापरतात.

कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांतून चक्कर मारली तर दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या पावलोपावली दिसतात, आणि कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींच्या दातांवरच्या तारा आता कुणी वळून बघत नाही इतक्या सवयीच्या झाल्या आहेत. हे चांगलंच आहे. पण तारा कधी लावायच्या याचं आपल्या घरांतलं वेळापत्रक फार चुकीचं आहे. ‘दहावी होऊ दे, मग बघू.’ मुलगी असेल तर कधी कधी तिच्यासाठी स्थळं बघायला लागल्यावर. हे वेळापत्रक शाळेचं आणि लग्नाचं आहे. जबड्याचं वेळापत्रक वेगळं असतं, ते सहाव्या-सातव्या वर्षी सुरू होतं आणि दहावीपर्यंत त्यातला बराचसा भाग उरकलेला असतो.

आधी नीट चावा म्हणजे काय

तोंड मिटून मागच्या दाढा एकमेकींवर टेकवा. वरची दातांची ओळ खालच्या ओळीला सगळ्या बाजूंनी थोडी बाहेरून झाकते, डब्यावर झाकण बसावं तशी. वरचे पटाशीचे दात खालच्या दातांच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे असतात आणि खालच्यांचा साधारण एक तृतीयांश भाग झाकतात. दाढांचे उंचवटे समोरच्या दाढांच्या खाचांत बसतात. एवढं जमलं की घास नीट तुटतो, नीट भरडला जातो, आणि दातांवर पडणारा जोर सगळीकडे वाटला जातो.

बिघाड कुठेही होऊ शकतो. जबडा लहान आणि दात मोठे असतील तर दातावर दात येतात. उलट असेल तर फटी राहतात. वरचे दात फार पुढे आले तर ओठ मिटत नाहीत. पुढचे दात फार खोल झाकले गेले तर खालचे दात वरच्या टाळूला टोचतात. काही मुलांच्या दाढा टेकतात पण पुढे वर-खाली मोकळी जागाच राहते. शेवई किंवा पिझ्झ्याचा तुकडा त्यांना पुढच्या दातांनी तोडता येत नाही, ती जीभ पुढे घालून काम भागवतात. आणि काहींचं झाकण एका बाजूला आत पडतं, म्हणजे वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आतल्या बाजूला बसतात. याला उलटा चावा म्हणतात, आणि लहान वयात वेळ न घालवता दाखवावा असा हा प्रकार आहे, कारण मूल चावण्यासाठी जबडा एका बाजूला सरकवायला शिकतं आणि चेहरा तसाच तिरका वाढत जाण्याचा धोका असतो.

अँगलच्या वर्गीकरणात पहिल्या वर्गात दाढांची गाठ बरोबर असते, दोष असलाच तर पुढच्या दातांच्या दाटीत किंवा वाकडेपणात असतो. दुसऱ्या वर्गात खालची दाढ असायला हवी त्यापेक्षा मागे असते, तिसऱ्यात पुढे. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०१८ साली छापून आलेल्या एका आढाव्यात कायमचे दात आलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के पहिल्या वर्गात, २० टक्क्यांच्या आसपास दुसऱ्या वर्गात आणि ६ टक्क्यांच्या आसपास तिसऱ्या वर्गात आढळले.

मग किती मुलांचे दात ‘बिघडलेले’ आहेत?

या प्रश्नाचं उत्तर ऐकून घाबरू नका. मुलं आणि किशोरवयीनांवरच्या पाहण्यांचा २०२० साली प्रसिद्ध झालेला एक आढावा सांगतो की जगात ५६ टक्के मुलांमध्ये चाव्याचा काही ना काही दोष आहे. आशियात हा आकडा ४८ टक्के. भारतातल्या पाहण्यांत तो साधारणपणे २० ते ४३ टक्के असा सांगितला जातो. एकाच देशात दुपटीहून जास्त फरक कसा? मुलांचे जबडे जिल्ह्या-जिल्ह्यात इतके वेगळे नसतात. वेगळी असते ती मोजपट्टी. एका पाहणीत जरासा तिरका दातही दोष म्हणून नोंदवला जातो, दुसरीत फक्त उपचार लागतील अशीच मुलं धरली जातात. एकीत आठ वर्षांची मुलं असतात, ज्यांचे दात अजून बदलतायत, तर दुसरीत पंधरा वर्षांची.

त्यामुळे ‘निम्म्या मुलांचे दात वाकडे आहेत’ हे वाक्य जाहिरातीत वाचलं तर थांबून एक प्रश्न विचारावा: यातल्या किती जणांना उपचाराची खरोखर गरज आहे? ब्रिटनमध्ये १९८९ साली ब्रूक आणि शॉ या दोघांनी नेमकी हीच गरज मोजणारी पाच पायऱ्यांची मोजणी तयार केली. पहिल्या-दुसऱ्या पायरीवर उपचाराची गरज नाही किंवा नगण्य. वरचे दात ६ मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे असतील तर चौथी पायरी, ९ मिलिमीटरपेक्षा जास्त असतील तर पाचवी. हाडात अडकून बसलेला कायमचा दात, फाटलेला ओठ-टाळू हे पाचव्यात. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत अठरा वर्षांखालच्या मुलांना मोफत तारा मिळतात त्या याच मोजणीवर: चौथी आणि पाचवी पायरी, आणि तिसऱ्या पायरीवरची दिसायला जास्त बिघडलेली काही मुलं.

आपल्याकडे असा नियम नाही. परिणाम असा होतो की ज्यांच्या खिशाला परवडतं ती मुलं अगदी किरकोळ वाकड्या दातासाठीही तारा लावतात, आणि चंदगड किंवा गगनबावड्याच्या एखाद्या वाडीतला, वरचे दात दहा मिलिमीटर पुढे असलेला मुलगा तसाच मोठा होतो. मला यातली दुसरी गोष्ट जास्त सलते. पहिल्या घराचे पैसे जातात. दुसऱ्या मुलाचं नुकसान शरीराचं असतं.

नुकसान कसलं?

पुढे आलेल्या दातांचं सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे ते तुटतात. पडताना किंवा काही लागताना ओठ झाकायला नसतो, फटका थेट दातावर बसतो. वरचे दात खालच्यांपेक्षा ३ मिलिमीटरहून जास्त पुढे असतील तर पुढच्या दातांना इजा होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसलं आहे. कोल्हापुरात हे समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. पेठापेठांतून पोरं फुटबॉल खेळतात, शाहू स्टेडियमवर सामना असला की अर्धं शहर तिकडे असतं. तालमीच्या मातीत उतरणारी मुलं वेगळीच. डोकं डोक्यावर आपटणं, कोपर तोंडावर बसणं हे रोजचं आहे. दात पुढे असलेल्या मुलाने खेळताना दातांवर रबरी संरक्षक कवच घालावं, ते दंतवैद्य मापानुसार बनवून देतात. माझ्या मते क्लबांनी बुटांइतकंच ते सक्तीचं करायला हवं.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो, ती प्रत्येक प्रशिक्षकाला पाठ असावी. कायमचा दात मुळासकट बाहेर पडला तर मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा. माती लागली असेल तर घासायचा नाही, दुधात किंवा पाण्यात हलकासा बुचकळून घ्यायचा, जमलं तर लगेच जागेवर बसवायचा, नाहीतर दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोचायचं. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

दुसरं नुकसान मनाचं. शाळेत पुढे दात असलेल्या मुलाला टोपणनाव पडतं आणि ते वर्षानुवर्षं चिकटतं. मूल हसताना तोंडावर हात घ्यायला लागतं. हे नुकसान मिलिमीटरमध्ये मोजता येत नाही म्हणून कमी समजू नये.

पण वाकड्या दातांवर सगळ्या दुखण्यांचं खापर फोडलं जातं, तेही बरोबर नाही. डोकेदुखी, मानदुखी, अपचन यांसाठी तारा लावाव्यात याला ठोस पुरावा नाही. दाटीवाटीचे दात घासायला अवघड जातात हे खरं, पण किडीचं मुख्य कारण साखर आणि न घासणं हेच राहतं. अक्कलदाढ पुढचे दात ढकलून वाकडे करते हाही मोठा समज आहे. तिच्यावर हा आरोप सिद्ध झालेला नाही, आणि केवळ या भीतीपोटी ती काढायची गरज नसते.

हे होतं कशामुळे

आईवडिलांकडून काही येतंच. खालचा जबडा पुढे असणं तर अनेक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिसतं. पण सगळं दैवावर घालू नका, कारण आपल्या हातातलं एक कारण फार मोठं आहे आणि ते आपण रोज हातचं घालवतो. ते म्हणजे किडलेली दुधाची दाढ.

‘दुधाचीच हाय न्हवं, पडंल की आपोआप,’ असं म्हणत कितीतरी घरांत मुलाची किडलेली दाढ तशीच ठेवली जाते, आणि ठणकायला लागली की काढून टाकली जाते. पण दुधाची मागची दाढ पडायचं वय दहा ते बारा आहे. तोपर्यंत ती खालून येणाऱ्या दातासाठी जागा धरून बसलेली असते. सहाव्या-सातव्या वर्षीच ती काढली तर मागची ती सहा वर्षांची नवी दाढ रिकाम्या जागेत पुढे सरकते. चार-पाच वर्षांनी खालचा दात यायला निघतो तेव्हा त्याची जागा गेलेली असते. मग तो आत किंवा बाहेर उगवतो, नाहीतर हाडातच अडकतो. म्हणजे सातव्या वर्षी न भरलेल्या एका दाढेचं बिल चौदाव्या वर्षी तारांच्या रूपात येतं.

दाढ वाचवता आली तर भरून, मुळांचा उपचार करून वाचवावी. काढावीच लागली तर दंतवैद्याला एवढंच विचारावं: ‘इथे जागा राखायची पट्टी लागेल का?’ बाजूच्या दाढेभोवती एक कडं आणि त्याला वळवलेली तार, एवढंच ते साधन. ते बसवायला फार वेळ लागत नाही आणि तारांच्या मानाने खर्च अगदी किरकोळ.

अंगठा चोखण्याबद्दल घरात फार आरडाओरडा होतो. तीन-चार वर्षांपर्यंत ही सवय स्वाभाविक आहे, रागवायची गरज नाही. पुढचे कायमचे दात यायला लागल्यावरही ती टिकली तर वरचे दात पुढे ढकलले जातात, वर-खाली फट पडते. तेव्हा मदत घ्यावी. अंगठ्याला मिरची किंवा कडू औषध लावून मूल फक्त घाबरतं. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाकडेही लक्ष द्या. रात्री तोंड उघडं ठेवून घोरणाऱ्या मुलाच्या नाकामागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात. अशा मुलांत वरचा जबडा अरुंद राहतो. त्यांना आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावं लागतं.

आणि एक कारण आपल्या सगळ्यांचं सामाईक आहे. जबड्याची वाढ चावण्यावरही अवलंबून असते. रॉबर्ट कोरुचिनी या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांबरोबर १९८० च्या दशकात उत्तर भारतात, चंडीगड शहरातल्या आणि पंजाबच्या खेड्यांतल्या तरुणांची तुलना केली. रक्त एकाच प्रदेशाचं, पण मऊ शहरी अन्न खाणाऱ्यांत दातांचे दोष जास्त आढळले. भाकरी, ऊस, कच्ची गाजरं, भाजलेले शेंगदाणे असं चावावं लागणारं अन्न मुलाला वाढत्या वयात मिळालं पाहिजे, याला म्हणूनच आधार आहे. मात्र वाकडे झालेले दात भाकरी खाऊन सरळ होतील अशी आशा कुणी ठेवू नये.

सातव्या वर्षी नेमकं काय बघतात

अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या, म्हणजे दातांची ठेवण सुधारणाऱ्या तज्ज्ञ दंतवैद्यांच्या, संघटनेने पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत व्हावी असं सांगून ठेवलं आहे. त्याचा अर्थ सातव्या वर्षी तारा असा नाही. बहुतेक मुलांना डॉक्टर ‘सहा महिन्यांनी, वर्षाने परत या’ एवढंच सांगतात. तेव्हा बघायचं असतं ते उलटा चावा आहे का, जबड्यांची वाढ जुळतेय का, एखादा दात कमी किंवा जास्त आहे का, दुधाच्या दाढा जागा धरून आहेत का.

याच वयात आईवडील विनाकारण घाबरतात त्याबद्दलही सांगायला हवं. आठ ते अकरा वर्षांच्या मुलाचे वरचे पुढचे दात पंख्यासारखे पसरलेले, मधे फट असलेले दिसतात. वर हाडात असलेले सुळे खाली येताना शेजारच्या मुळांवर दाब देतात म्हणून असं होतं. अकरा-बाराव्या वर्षी सुळे खाली उतरले की फट बहुधा आपोआप मिटते. फट दिसली म्हणून नवव्या वर्षी तारा लावायची घाई नको. उलट दहाव्या वर्षापर्यंत वरच्या हिरडीवर सुळ्याचा उंचवटा बोटाला लागत नसेल तर मात्र तो दात वाट चुकलाय का, हे तपासून घ्यावं. साधारण शंभरातल्या दोघांचा सुळा असा अडकतो.

वरचा जबडा अरुंद असेल तर टाळूच्या मधली हाडांची जोडरेषा पक्की व्हायच्या आत, म्हणजे साधारण पंधराव्या वर्षाच्या आधी, तो हळूहळू रुंद करता येतो. खालचा जबडा मागे असेल तर उंची झपाट्याने वाढते त्या काळात, मुलींत साधारण दहा ते बारा आणि मुलांत बारा ते चौदा, काढघाल करता येणारी साधनं उपयोगी पडतात. त्यातलं सगळ्यात माहीत असलेलं ट्विन ब्लॉक. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली ते पहिल्यांदा एका मुलाला बसवलं. वर-खाली दोन ठोकळे, तोंड मिटलं की खालचा जबडा पुढे येऊनच मिटतो. जेवतानाही ते घालायचं असतं, आणि जे मूल ते दप्तरात ठेवून देतं त्याला काही उपयोग होत नाही.

पण लवकर सुरू केलेला प्रत्येक उपचार फायद्याचाच असतो असं नाही. पुढे आलेल्या दातांवर आठ-नवव्या वर्षी एकदा आणि बाराव्या-तेराव्या वर्षी पुन्हा एकदा उपचार करणं, आणि किशोरवयात एकदाच करणं, यांची तुलना झाली आहे. शेवटचा निकाल साधारण सारखाच आला. लवकर सुरू करण्याचा एकच ठळक फायदा दिसला: मधल्या वर्षांत दात तुटण्याचा धोका कमी झाला. त्यामुळे दोन टप्प्यांचा उपचार सुचवला तर ‘पहिला टप्पा नेमका कशासाठी?’ असं जरूर विचारा. चांगला डॉक्टर याचं सरळ उत्तर देतो.

तार दात हलवते कसा

दात हाडात घट्ट रुतलेला वाटतो, पण मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचं धाग्यांचं अस्तर असतं. त्यात रक्तवाहिन्या असतात, पेशी असतात. दातावर एका बाजूने हलका, सतत दाब दिला की ज्या बाजूला अस्तर दबतं तिथे हाड विरघळवणाऱ्या पेशी गोळा होतात, आणि ज्या बाजूला ते ताणलं जातं तिथे नवं हाड घालणाऱ्या पेशी कामाला लागतात. समोरचं हाड झिजत जातं, मागचं भरत येतं, आणि दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर या वेगाने सरकतो. जिवंत हाड स्वतःला पुन्हा घडवतं म्हणूनच हा उपचार शक्य आहे.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: जास्त जोर लावून काम लवकर होत नाही. दाब फार झाला तर त्या जागचा रक्तपुरवठाच बंद पडतो, पेशी मरतात आणि दात उलट अडून बसतो. म्हणून ‘सहा महिन्यांत सरळ’ अशी हमी कुणी दिली तर जपून राहा. पूर्ण उपचाराला बहुतेकदा दीड ते दोन वर्षं लागतात.

हा हलका आणि सतत दाब देणं पूर्वी अवघड होतं. पोलादी तार वाकवली की सुरुवातीला फार जोर आणि नंतर काहीच नाही. मग निकेल-टायटॅनियमची तार आली. हा मिश्रधातू अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला आणि जॉर्ज अँड्रिसन यांनी १९७० च्या दशकात तो दातांसाठी आणला. कितीही वाकवा, तो मूळ आकारात परतू बघतो, आणि परतताना दातांना हळुवार ओढत नेतो. दातावर चिकटवलेले चौकोनी ब्रॅकेट दाताला धरतात, काम करते ती तार.

तार बदलली की दोन-चार दिवस दात ठणकतात. मऊ भात, आमटी, शिरा यावर दिवस काढावेत. नंतर खाणं सुरू करता येतं, पण ऊस दाताने सोलायचा नाही, चिक्की, भाजलेलं कणीस, पेरू पुढच्या दातांनी तोडायचा नाही. मिसळ चालते, फरसाण रस्स्यात मऊ होऊ द्यायचं. कडक खाल्लं की ब्रॅकेट सुटतं आणि उपचार आठवडे लांबतो. घासण्याकडे तर दुप्पट लक्ष हवं. ब्रॅकेटभोवती अन्न साचलं तर काही महिन्यांतच दातावर पांढरे डाग पडतात आणि ते तारा काढल्यावरही राहतात. दात सरळ झाले पण डागाळले, असं होऊ देऊ नका. फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा, तारेच्या वरून आणि खालून.

चांगले दात का काढायचे?

हा प्रश्न प्रत्येक आईबापाच्या मनात येतो आणि तो विचारलाच पाहिजे. दात मोठे आणि जबडा लहान असेल तर सगळ्यांना ओळीत बसवायला जागा नसते. ओढूनताणून बसवले तर ते हाडाच्या बाहेर जातात, हिरडी उतरते. अशा वेळी सुळ्यामागची छोटी दाढ, बहुधा प्रत्येक बाजूची एक, काढून जागा केली जाते आणि उपचार संपेपर्यंत ती जागा भरून जाते. सगळ्यांनाच हे लागत नाही. एक्स-रे, दातांचे साचे, चेहऱ्याची मापं बघून निर्णय होतो, आणि तो मोजमाप दाखवून समजावून मागायचा तुम्हाला हक्क आहे. वरचा दात काढला की नजर कमी होते, ही भीती मात्र मनातून काढून टाका. डोळ्यांच्या आणि दातांच्या नसा वेगळ्या आहेत.

तारांमुळे दात कायमचे कमकुवत होतात असंही नाही. मुळांची टोकं थोडी झिजतात, बहुतेकांत ती झीज नगण्य असते. क्वचित ती जास्त होते, म्हणून उपचाराच्या मधे एक्स-रे काढून बघतात.

कुणाकडे जायचं

पाच वर्षांचं बीडीएस झाल्यावर ऑर्थोडॉन्टिक्स या विषयात तीन वर्षांचं एमडीएस केलेला डॉक्टर म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट. पाटीवर ‘तारांचे उपचार’ लिहिलेलं असलं तरी पदवी विचारण्यात संकोच करू नका. खासगी दवाखान्यात धातूच्या तारांचा सगळा खर्च दहा हजारांच्या पटीत जातो, तो एकदम न घेता हप्त्याने घ्यायला बहुतेक डॉक्टर तयार असतात. दंत महाविद्यालयांत हेच उपचार कमी खर्चात होतात, विद्यार्थी करतात पण प्राध्यापकांच्या देखरेखीखाली. जिल्ह्यात वारणा खोऱ्यात नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. तिथे वेळ जास्त लागतो, पण पैशाअभावी मूल वंचित राहण्यापेक्षा ते शंभरपट बरं.

अंतर हा आपल्या जिल्ह्यातला खरा अडथळा आहे. महिना-दीड महिन्याने तपासणीला जावंच लागतं. गडहिंग्लज किंवा राधानगरीकडून एसटीने यायचं म्हणजे आईची किंवा वडिलांची एक मजुरी बुडते, मुलाची शाळा बुडते. सुरुवातीलाच डॉक्टरांना हे सांगा, गावाजवळ येणारा ऑर्थोडॉन्टिस्ट असेल तर तो निवडा. अर्ध्यावर सोडलेला उपचार न केलेल्या उपचारापेक्षा वाईट ठरू शकतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुलांना तपासतात, फाटलेला ओठ-टाळू, दातांची कीड त्यात बघितली जाते. पथक शाळेत येईल तेव्हा शिक्षकांनी पुढे आलेल्या दातांची आणि उलट्या चाव्याची मुलंही पुढे करावीत.

पारदर्शक साचे, म्हणजे अलायनर, हे मोठ्या मुलांना आणि नोकरदारांना आवडतात. संगणकावर दाताची वाट आखून थोड्या थोड्या फरकाचे साचे ओळीने घालायचे असतात, दिवसाचे वीस-बावीस तास. सौम्य दोषांत ते चांगलं काम करतात. पण डॉक्टरला न भेटता घरपोच साचे मागवण्याचा मार्ग धरू नका. अमेरिकेतली या धंद्यातली मोठी कंपनी, स्माइलडायरेक्टक्लब, डिसेंबर २०२३ मध्ये अचानक बंद पडली आणि उपचार अर्ध्यावर असलेले ग्राहक तसेच राहिले. दात सरकत असताना तोंडात बघणारा माणूस हवाच.

तारा निघाल्यावर

तारा काढल्या त्या दिवशी पेढे वाटले जातात, आणि तिथेच सगळ्यात जास्त निष्काळजीपणा सुरू होतो. दात नव्या जागी आले तरी हिरडीतले ताणलेले धागे त्यांना जुन्या जागेकडे ओढत राहतात. ते धागे नव्याने जुळायला वर्ष लागू शकतं. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिट्ल आणि सहकाऱ्यांनी उपचार पूर्ण झालेल्या रुग्णांना अनेक वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांचे खालचे पुढचे दात पुन्हा दाटीत आले होते. वय वाढताना जबड्यात सावकाश बदल होतच असतात, ज्यांनी कधी तारा लावल्याच नाहीत त्यांच्यातही.

म्हणून रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन. एक प्रकार दातांच्या मागे चिकटवलेल्या बारीक तारेचा, दुसरा काढघाल करता येणारा. पहिले काही महिने डॉक्टर सांगतील तितके तास, नंतर रात्री झोपताना, आणि दात सरळ राहावेत अशी इच्छा असेल तितकी वर्षं. घरात घ्यायची काळजी साधी आहे: गरम पाण्याने धुवायचा नाही, वाकडा होतो. थंड पाण्याने आणि ब्रशने धुवायचा. हॉटेलात जेवताना कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवायचा नाही, कारण तो उष्ट्याबरोबर जातो. डबीतच ठेवायचा. मुलगा दहावीनंतर पुण्याला वसतिगृहावर निघाला की त्याच्या सामानात ती डबी गेली का, हे आईने एकदा विचारावं, आणि रिटेनर घट्ट बसायला लागला असेल तर आठवडाभरात डॉक्टरांना फोन करायला सांगावं. तेवढ्या वेळात दात बहुधा परत आणता येतात, सहा महिन्यांनी पुन्हा तारा लागू शकतात.